रावेर येथील एक नातेवाईक

आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप गटावर गेल्या वर्षी एका सकाळी माझ्या मावसभावाचा फोटो आला. पांढरे सुती हातमोजे घातलेले दोन हात, हातांत पिवळा पडलेला एक कागद आणि कागदामागे धुळ्याचा नाना. चेहरा असा, की कागद नव्हे, नातू उचलला आहे आणि तो आपल्यावरच गेला आहे. खाली मजकूर: 'वडिलांचे कागदपत्र आजपासून संशोधकांसाठी जतन.'

दुपारपर्यंत गट जोडलेल्या हातांनी आणि फुलांच्या गुच्छांनी भरून गेला. मी एक अंगठा पाठवला. बायकोने तो पाहिला.

"एवढंच?"

"अंगठा आहे तो. पूर्वी लोक त्यावर जमिनी लिहून देत."

"पोटात दुखतंय तुमच्या," ती म्हणाली आणि पोहे ढवळायला गेली.

दुखत होते. लपवण्यात अर्थ नाही, पुढे जे लिहिले आहे ते त्या दुखण्याबद्दलच आहे.

नाना माझ्या थोरल्या मावशीचा मुलगा. म्हणजे त्याचे वडील आणि माझे वडील एकमेकांचे साडू. मावसा धुळ्यात राहायचे, आम्ही रावेरला. मावसा नगरपालिकेच्या निवडणुकीत एकदा निवडून आले आणि त्यानंतर नेमाने पडत राहिले. भर वैशाखात कोट घालत. तो कोट घालून धुळ्याच्या बाजारात भाजी घ्यायला जाणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. माझे वडील केळी बाहेर पाठवणाऱ्या सोसायटीत कारकून होते. आज किती वॅगनी भरल्या, दिल्लीला पोहोचेपर्यंत किती घड काळे पडले, कोणत्या व्यापाऱ्याने काय कळवले, हे लिहिण्यात त्यांचे आयुष्य गेले. घरी बोलायचे ते कामापुरते. त्यांचे माझ्याशी झालेले सगळे बोलणे आठवून लिहून काढले, तर ते बसच्या तिकिटाच्या मागच्या बाजूला मावेल.

मावसांच्या कागदांना कपाट मिळते आणि वडिलांच्या नाही, हे मला टोचत होते. पण यात अन्याय झाला असेही म्हणता येत नव्हते, आणि त्याने जास्त टोचत होते. मावसांचे कागद शिल्लक होते. आमचे नव्हते.

याला कारण आहे. मावसांच्या घराचा नरडाण्याकडच्या शेतावरून भाऊबंदांशी दावा चालू होता. माझ्या जन्माआधी लागलेला आणि माझ्या लग्नानंतर संपलेला. वकिलाने मावशीला पहिल्याच भेटीत सांगून ठेवले होते, की अक्का, घरातला एकही कागद फेकायचा नाही, कोणता कधी उपयोगी पडेल सांगता येत नाही. मावशीने हे वाक्य मंत्रासारखे धरले. आलेले पत्र, केलेल्या अर्जाची नक्कल, लग्नपत्रिका, शिंप्याची पावती, सगळे तुपाच्या रिकाम्या डब्यांत जाऊ लागले. डबे भरले की माळ्यावर. दावा मावसा हरले, पण डबे राहिले. आज ज्याला 'ठेवा' म्हणतात तो मूळचा भाऊबंदकीचा पुरावा आहे. ज्यांची घरे गुण्यागोविंदाने चालली त्यांचा इतिहास लिहायला साधन नाही. हे मला फार उशिरा समजले, नाहीतर आम्हीही कोणावर तरी दावा लावला असता.

आमच्या घरी पत्रे तारेला लावत. ओसरीत खिळ्याला अडकवलेली टोकदार तार होती. आलेले पत्र वाचून झाले की त्यात खोचायचे. दिवाळीपर्यंत तार भरे. मग आई पत्रे उतरवायची. ज्या कागदाच्या माथ्यावर 'श्री' लिहिलेले आहे तो केरात टाकायचा नाही, चुलीत घालायचा नाही, त्यात पुड्या बांधायच्या नाहीत, असा तिचा नियम होता. आणि त्या काळी 'श्री' लिहिल्याशिवाय कोणी पत्राला सुरुवात करत नसे. उधारी मागणारासुद्धा आधी 'श्री' काढत असे. तेव्हा या सगळ्या पत्रांचे करायचे काय? कार्तिकात आई वर्षभराचे निर्माल्य आणि वर्षभराची पत्रे एकाच पिशवीत बांधायची आणि तापीकाठच्या शेतावर जाणाऱ्या एखाद्या ट्रॅक्टरवर बसून नदीवर जायची. हात जोडून सोडायची. वडील काही म्हणत नसत. त्यांना आयुष्यभर आलेली उत्तरे अशी दरसाल गंगेला मिळत होती आणि ते ओसरीत बसून पान लावत होते.

आम्ही नास्तिक असतो तर आमचे कागद वाचले असते.

तर नानाच्या फोटोनंतर काही दिवसांनी निमंत्रण आले. एका महाविद्यालयाने खासगी कागदपत्रांसाठी दोन खोल्यांचा विभाग काढला होता. मावसांच्या संग्रहाने त्याचे उद्घाटन व्हायचे होते. जाऊ नये असे वाटत होते, पण न गेलो तर कारण सगळ्यांना कळले असते. मी आता जळगावला राहतो; तिथून सकाळची एसटी धरली. पारोळ्याला चहा प्यालो तोवर मी मनात चार टोमणे तयार केले होते. त्यातले दोन चांगले होते.

समारंभ व्हायचा तसा झाला. दीपप्रज्वलनाला विभाग सांभाळणाऱ्या मुलीने हरकत घेतली. कागदांच्या खोलीत ज्योत चालणार नाही म्हणाली. मग समई व्हरांड्यात नेली. तिथे वारा होता. प्रमुख पाहुणे, प्राचार्य आणि नाना असे तिघे मिळून हाताचा आडोसा करून समई लावत होते आणि ती त्यांचे ऐकत नव्हती. शेवटी फोटोग्राफर म्हणाला, "लागली असं समजून हात तसाच ठेवा साहेब." तो फोटो पेपरात आला. त्यात समई लागलेली वाटते.

भाषणांत कागद हा समाजाचा आरसा असल्याचे तीन जणांनी सांगितले. मावसांच्या पत्रांतून खानदेशाची नाडी कळते, असे पाहुणे म्हणाले. मी काचेखाली मांडलेली ती नाडी पाहायला गेलो. गल्लीतल्या नळाला पाणी येत नसल्याबद्दल अर्ज. त्याच नळाबद्दल स्मरणपत्र. स्मरणपत्राला उत्तर न आल्याबद्दल खेद. मावसांचे अक्षर गोल आणि भरदार होते, वाक्ये कोट घातलेली. लोक पाहत आणि पुढे सरकत.

एका टोकाला मात्र घोळका होता. हसण्याचा आवाज येत होता. मी मान घातली आणि खाली एक पोस्टकार्ड पाहिले. वाचायच्या आधी अक्षर ओळखले. उजवीकडे कललेले, घाईतले, ओळी शेवटाला खाली उतरलेल्या. सोसायटीच्या पावत्यांवर, माझ्या शाळेच्या दाखल्यावर, डब्याच्या झाकणावर पाहिलेले.

'श्री. रावेर. आपल्या पराभवाची वार्ता वाचली. मोजणीच्या ठिकाणी आपण कोट घालून गेला होतात काय? गेला असल्यास घोटाळा तेथेच झाला. या उन्हात स्वखुशीने कोट घालणाऱ्या माणसाच्या हाती लोक नळाचे पाणी कसे सोपवतील? बाकी कुशल. केळी आपल्याइतकीच पडली आहेत, परंतु ती वाऱ्याने.'

पाहुणे खो खो हसत होते. "वा! कोणाचं हो हे?" त्यांनी नानाला विचारले.

"आहेत एक रावेरचे," नाना म्हणाला.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर होतो. त्याने मला पाहिले होते. कार्डाशेजारी छापील पट्टी होती: 'रावेर येथील एका नातेवाइकाचे पत्र.'

तयार केलेले चारही टोमणे मी विसरलो. जेवायला थांबलो नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा धुळ्याला गेलो, कोणाला न सांगता. विभागातल्या मुलीने वहीत नाव लिहून घेतले, पेन बाजूला ठेवायला लावले, पेन्सिल दिली. मी रावेरची पत्रे मागितली.

"सगळी?" ती म्हणाली. "खूप आहेत काका. या संग्रहात सगळ्यात जास्त त्यांचीच आहेत. लोकही तीच मागतात."

मग एक राखाडी पेटी आली. त्या खोलीत बसून मी माझ्या वडिलांना भेटलो, आणि मला त्याचा आनंद झाला असे म्हणालो तर ते खोटे होईल. हा माणूस मला माहीत नव्हता. हा रेल्वेच्या बाबूंची नक्कल करत होता, व्यापाऱ्यांना टोपणनावे ठेवत होता, पावसाला मावसांच्या भाषणाची उपमा देत होता: येणार येणार म्हणून वाट पाहायला लावतो आणि आला की थांबत नाही. एका कार्डात मीही होतो. 'नानाला गणितावरून मारू नका. आमच्या चिरंजीवांना गणित उत्तम येते, परंतु त्यामुळे घरात वेगळा उजेड पडलेला नाही. पोरगे चांगले आहे मात्र.'

उत्तम येते. चांगले आहे मात्र. ही दोन वाक्ये रावेरहून निघून धुळ्याला गेली, तुपाच्या डब्यात राहिली आणि मी सत्तरीला टेकल्यावर मला वाचायला मिळाली, तीही पेन्सिल हातात घेऊन. मला त्या वयात ती कोणी म्हणून दाखवली असती तर मी काय झालो असतो कोण जाणे. बहुधा तरीही, लागलो तसा, बँकेतच लागलो असतो. पण ती मावसांना मिळाली. आतापर्यंत मला त्यांच्या कपाटाचा हेवा वाटत होता. आता वाटू लागला तो, पोस्टमन त्यांच्या दारात थांबत होता याचा.

मी मुलीला म्हटले, की ही पत्रे माझ्या वडिलांची आहेत, यांची वेगळी पेटी करा आणि त्यावर त्यांचे नाव घाला.

तिने नाही म्हणून सांगितले, पण नीट सांगितले. कागद ज्या घरात राहिले त्या घराच्या नावाने राहतात. एका घरातून आलेले दोन घरांत वाटायचे नाहीत. पत्र लिहिणाराचे असले तरी संग्रह सांभाळणाराचा.

"नाव तरी?"

"नाव घालता येईल. पेटीवर आणि यादीतही. पण देणगी नानांची आहे, त्यांनी लिहून द्यायला हवं. मी त्यांना विचारलं होतं, हे कोण म्हणून. ते म्हणाले, नातेवाईक एवढं पुरे."

म्हणजे माझ्या वडिलांना नाव असावे की नाही, हे नाना ठरवणार होता. मी त्याच्या दारात उभा राहून ते मागणार होतो. एसटी स्टँडकडे वळावे म्हणून मी दोनदा थांबलो. मग नानाच्या घराकडे रिक्षा केली.

नाना घरी एकटाच होता, टीव्हीसमोर शेंगा सोलत. मला पाहून त्याला आश्चर्य वाटले नाही.

"ये भाऊ. मला वाटलं त्याच दिवशी येशील."

"नाव का नाही सांगितलंस?"

तो शेंगा सोलत राहिला. "बस आधी."

"बसत नाही. एवढी माणसं हसत होती, विचारत होती. मी शेजारी उभा. एक रावेरचे! वाटेतलं स्टेशन आहेत का ते?"

"तुला काय वाटतं, तुझ्याच पोटात दुखतं का?" नानाने शेंगांचे ताट बाजूला सारले. "मी माळ्यावरून डबे काढले. धूळ खाल्ली. खोकला झाला. तो सगळा कार्यक्रम माझ्या बापाचा होता. आणि लोक काय वाचतात? तुझा बाप! माझ्या बापाच्या अर्जापाशी एक माणूस थांबला, तर तो चष्मा पुसायला. ती पोरगीसुद्धा मला म्हणते, 'ते रावेरवाले भारी लिहितात हं.' भारी लिहितात! मग म्हटलं, राहू दे बिननावाचा."

मी बसलो. हे मला अपेक्षित नव्हते. ज्या रोगावर मी इतके दिवस एकट्याचा हक्क समजत होतो, त्याचा दुसरा रोगी समोर बसला होता आणि त्याचा आजार माझ्याहून पुढे गेलेला दिसत होता.

"नाव देतो," नाना म्हणाला. "पण तूही दे."

"काय?"

"माझ्या बापाची पत्रं. तुझे वडील दर आठवड्याला लिहायचे म्हणजे माझा बाप उत्तर देतच असणार. त्याशिवाय कोण लिहितं एवढं? ती अर्जातली नाहीत, खरी. मला काय आलं माहीत आहे? मी नाशकाला हॉस्टेलात होतो तेव्हा मनिऑर्डरीच्या खालच्या चिटोऱ्यावर एक शब्द. 'कुशल.' चार वर्षं तोच एक शब्द. जे काय बोलायचा ते तुझ्या बापाशी बोलायचा. आणि ती सगळी तू दाबून बसला आहेस."

"माझ्याकडे नाहीत नाना."

"शपथ घे."

मग मी त्याला तारेचे सांगितले. श्रीचे सांगितले, निर्माल्याच्या पिशवीचे आणि ट्रॅक्टरचे सांगितले. सांगून संपले तेव्हा तो टीव्हीकडे पाहत होता. आवाज बंद केलेला होता, एक बाई सुरी विकत होती.

"बठ्ठा?" त्याने विचारले. रागावला की तो घरच्या बोलीवर येतो. "बठ्ठा कागद तापीमा?"

"सगळे."

"हात जोडून?"

"हात जोडून."

"रावेरच्या मावशीनं चुलीत घातले असते तर बरं होतं," तो म्हणाला. "निदान शिव्या तरी देता आल्या असत्या."

चहा त्यानेच केला. साखर जास्त झाली होती. कप ठेवून तो म्हणाला, "ठीक आहे. नाव घालू. पण पेटीत एक कागद ठेवायचा, उत्तरं का नाहीत त्याचा. नाहीतर उद्या कोणी म्हणेल, हा माणूस उत्तरच देत नव्हता. तुझा बाप एकटाच लिहीत होता आणि माझा बाप कोट घालून गप्प बसला होता. तुझ्या हातानं लिही. लिही, की पत्रं अज्ञानामुळे नष्ट झाली."

वडिलांचे नाव हवे असेल तर आईला अडाणी म्हणून नोंदवायचे. आईची चौथीपर्यंतची शाळा झालेली होती, पण लिहिलेल्या कागदावर तिचा कधी पाय पडला नाही. चुकून पडलाच, तर ती वाकून नमस्कार करी. ज्यांनी ग्रंथ लिहिले त्यांनाही मी असे करताना पाहिले नाही.

"अज्ञान लिहिणार नाही," मी म्हटले.

"मग नाव नाही."

"राहिलं. पण मग मीही लिहीन, की तुमच्या घरी पत्रं जपली ती कोणी प्रेमानं नाही. भाऊबंदांना कोर्टात हरवायला जपली. मावशीला तर त्यात काय लिहिलंय हेही ठाऊक नव्हतं."

हे बोलायला नको होते असे त्या क्षणी वाटले. नाना उठला. मला वाटले दार दाखवतो. त्याने टेबलावरचा कागद घेतला, पेन घेतले आणि माझ्यापुढे ठेवले.

"लिही," तो म्हणाला. "दोन्ही लिही. कोर्टाचंही लिही. खरं आहे ते. आईला माझ्या काही वाचता येत नव्हतं. ती डब्यात घालायची आणि वर वीट ठेवायची."

मी तिथेच लिहिले. धुळ्यातल्या घरी पत्रे दाव्याच्या कामी लागतील म्हणून ठेवली गेली. रावेरच्या घरी पत्रांवर 'श्री' असे, म्हणून ती दरवर्षी नदीत सोडली गेली. एका बहिणीने वकिलाचे ऐकले, दुसरीने देवाचे. दोघींनी कागदाचा मान राखला. म्हणून या संग्रहात प्रश्न आहेत, उत्तरे नाहीत. नानाने वाचले. 'दोघींनी' या शब्दावर त्याचे बोट थोडे थांबले. मग त्याने खाली सही केली आणि मला म्हणाला, "वाईट नाही. पण तुझ्या बापाइतकं नाही."

"माहीत आहे," मी म्हटले.

महिन्याभराने आम्ही दोघे त्या खोलीत गेलो. पेटीवर नवी पट्टी होती. वर मावसांचे नाव, खाली माझ्या वडिलांचे. खालचे अक्षर बारीक होते. मी मुलीला विचारले, तर म्हणाली, नियमाने तसेच असते. माझ्या चिठ्ठीलाही क्रमांक पडला होता. मावसांच्या संग्रहातला.

मुलीने कोटाचे पोस्टकार्ड काढून आमच्यापुढे ठेवले. नानाने ते आजवर नीट वाचलेच नव्हते, लोकांना हसताना फक्त पाहिले होते. त्याने हातमोजे चढवले, चष्मा कपाळावर ढकलला आणि सावकाश वाचले. मग खुर्चीत मागे टेकला, मान ताठ केली, घसा साफ केला, आणि मावसांच्या भरदार आवाजात, शब्द मोजत म्हणाला:

"आपले पत्र पावले. कोट घातला होता हे सत्य आहे. परंतु बटणे लावली नव्हती. मतदारांनी याची दखल घ्यावयास हवी होती. कळावे."

आम्ही इतके हसलो की मुलीने आमच्याकडे पाहिले. ते मावसाच होते. तो कोट घातलेला आवाज, ते रागावून न रागावणे. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच त्यांचे एक उत्तर ऐकले, आणि ते नानाच्या पोटात तयार होते. हॉस्टेलात ज्याला एक शब्द मिळाला त्याच्याकडे सगळा बाप होता. मला वडिलांची पेटीभर पत्रे मिळाली आणि त्यांच्या आवाजातले एक वाक्य काढून दाखव म्हटले असते तर मला आले नसते. मला पुन्हा दुखू लागले.

"लिहून ठेवू का हे?" मी पेन्सिल उचलली.

"नको," नाना हातमोजे काढत म्हणाला. "पुढचं पत्र वाच."